पहिल्या प्रकरणातली विहीर

पाकीट माणिकबाईंच्या हातात होतं आणि त्या ते उलटंसुलटं करून पाहत होत्या. पंचफुला विहिरीजवळच्या दगडावर कपडे धूत होती. सातवा महिना सरत आलेला, वाकलं की उठायला वेळ लागायचा. पण त्या सकाळी ती अशी ताडकन उठली की माणिकबाईच दचकल्या.

“अवं, हळू! पाकीट आहे, तार नाही आली,” त्या म्हणाल्या. “कोण आहे तुझं नागपूरले?”

“पुस्तकवाले आहेत, काकू.” तिनं ओल्या हातानंच पाकीट घेतलं. पत्त्याची शाई थोडी फुटली.

“भाडेकरू बी.ए. झालेली ठेवली म्हणजे असं होते बापा. आमच्या घरी आजवर सरकीच्या भावाचं कार्ड, एवढंच येत जाय.” माणिकबाईंचे यजमान कापसाचे दलाल होते. ते गेल्यावर दुकान मुलाकडे, देवीदासकडे आलं आणि माणिकबाईंकडे दुपार उरली. “काय लिहिलं त्याहीनं?”

“माझी कादंबरी छापणार म्हणतात.”

“तू लिहिली? सगळी? मंग मले वाचून दाखव. माह्या डोळ्याले आता अक्षर दिसत नाही, पण कान चांगले आहेत. दुपारी वाती वळता वळता ऐकतो.”

पंचफुला हसली, हो म्हणाली, खोलीत आली आणि कडी लावून खाटेवर बसली. पत्र चार ओळींचं होतं. कादंबरी पसंत होती. फक्त पहिली तीन प्रकरणं सैल वाटतात, ती घट्ट करून फेब्रुवारीअखेर पाठवावीत. एखादीनं साखर वाटली असती. पंचफुलेनं मात्र पत्र घडी करून पाकिटात परत घातलं. त्या तीन प्रकरणांत काय होतं ते तिलाच माहीत होतं, आणि आता ते बाहेर ओसरीवर वाती वळत बसलेल्या बाईंना ऐकायचं होतं.

ही गोष्ट १९६२ च्या जानेवारीतली, अकोल्याच्या जुन्या शहरातली. चार महिन्यांपूर्वी चंद्रभान वानखड्यांची कारकुनाच्या जागेवर अमरावतीहून इथं बदली झाली. नोकरी अजून कायम व्हायची होती. मोर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे त्यांनी पाच घरं पाहिली आणि पाचही ठिकाणी खोली दाखवायच्या आधी जात विचारली गेली. सांगितल्यावर खोली नुकतीच कोणाला तरी दिलेली निघे. सहावं घर माणिकबाईंचं. देवीदासनं विचारलं, “वानखडे म्हणजे दर्यापूरकडचे ना?” चंद्रभान म्हणाले, “हो, तिकडलेच.”

आणि ते खरंच होतं. वऱ्हाडात वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. देवीदासनं पुढचं विचारलं नाही, चंद्रभाननी पुढचं सांगितलं नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण त्या दिवसापासून नवराबायको हळू आवाजात बोलायला लागली. दीक्षेच्या वेळी नागपूरहून आणलेली तसबीर भिंतीवर न लागता ट्रंकेत, दोन सतरंज्यांच्या मध्ये गेली. अमरावतीच्या मैत्रिणींना पंचफुलेनं कळवलं की इतक्यात येऊ नका, घर लावायचं आहे. घर लावून तीन महिने झाले होते.

सगळ्यात भीती वाटायची ती विहिरीवर. अंगणात मधोमध विहीर, तिच्यावर लोखंडी चाक, चाकावर काथ्याचा दोर आणि दोराला बादली. चाक असं करकरायचं की अख्ख्या आळीला कळावं, कोणीतरी पाणी काढतंय. पंचफुला रोज सकाळी दोर ओढायची आणि प्रत्येक ओढीला तिला वाटायचं, आता कोणीतरी मागून हाक मारील.

आणि तिच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण विहिरीवरच सुरू होत होतं.

ती विहीर मूर्तिजापूरपलीकडच्या सांगवीची. तिथं पंचफुलेची आई, जाईबाई, घागर खाली ठेवून उभी राहायची. दोराला हात लावायची सोय नव्हती. वरच्या आळीतलं कोणी येईल, त्याला दया येईल, तो वरून पाणी ओतील, तेव्हा घागर भरायची. त्या एका दिवशी दुपार झाली तरी कोणी ओतलं नाही. घरी मोठी मुलगी तापानं फणफणत पाणी मागत होती. धाकटी पंचफुला चार वर्षांची, आईच्या लुगड्याचा काठ धरून तिथंच उभी. अमरावतीच्या होस्टेलात, परीक्षेचा अभ्यास बाजूला सारून, तिनं ते प्रकरण एका दमात लिहिलं होतं.

दुरुस्तीला बसली तेव्हा पहिले दोन दिवस तिनं खरोखर संपादकांनी सांगितलेलंच केलं. लांबलेली वाक्यं तोडली, एक पहाटेचं वर्णन अख्खं काढलं. तिसऱ्या दिवशी ओसरीवरून माणिकबाईंचा आवाज आला, “झालं काय वं? मी वाट पाहून राहिली!” त्या हाकेसरशी तिनं गावाचं नाव खोडलं. मग वडिलांचं काम खोडलं. मग वस्ती. एक गोष्ट बदलली की तिच्या शेजारची उघडी पडायची, की तीही बदलावी लागायची. शेवटी विहीर उरली. पंचफुलेनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि समोर होती तीच विहीर कागदावर उतरवली, चाकासकट, करकरीसकट. आता कादंबरीतली आई एका बऱ्या घरची बाई झाली होती आणि विहीर तिच्या स्वतःच्या अंगणात आली होती.

फक्त चार वाक्यं तिच्यानं खोडवली नाहीत. ‘ती घागर खाली ठेवून उभी राहिली. सावली पायाशी आली तरी उभीच. घरात पोरगी पाणी मागत होती. ती हलली नाही.’ तीन वेळा लेखणी उचलली, तीन वेळा खाली ठेवली. तिच्या हातून तोवर उतरलेली सगळ्यांत चांगली वाक्यं होती ती. राहू देत, तिनं मनाला सांगितलं. कोणाला काय कळणार आहे?

दुपारचं वाचन सुरू झालं. माणिकबाईंनी लाख वातींचा नेम धरला होता. मांडीवर कापूस, शेजारी टोपली. पंचफुलेलाही त्यांनी थोडा कापूस दिला, सरकी काढून दे म्हणाल्या. पंचफुलेची बोटं आपोआप चालली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सरक्यांचा ढीग पडला.

“काहून वं, हे बी कॉलेजात शिकवतात काय?” माणिकबाई म्हणाल्या.

शेतात वेचणीला जाऊन शिकलेला हात होता तो. पंचफुलेनं कापूस खाली ठेवला. “वाचू का, काकू? आज दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करते. पहिलं अजून नीट व्हायचंय.” आणि मग रोज ती दुसऱ्यातलीच दोन-चार पानं वाचून, काही ना काही कारण काढून पहिलं प्रकरण पुढं ढकलत राहिली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाईबाई आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सांगवीत दवाखाना नव्हता आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोटातलं मूल आडवं आहे, लांब जाऊ नका. जाईबाई छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला आली, तिथून मोठ्या गाडीनं अकोल्याला. स्टेशनाबाहेर पडताच पंचफुलेनं तिचं गाठोडं हातात घेतलं आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं.

“आई, तिथं गेल्यावर जयभीम म्हणायचं नाही.”

“मंग काय म्हनू?”

“नमस्कार म्हण. नाहीतर काहीच म्हणू नको, नुसती हास.”

“हासू?” जाईबाई रस्त्यातच थांबली. “पाच वर्सं झाली वं थो सबद तोंडात घेऊन. तुह्या बापानं त मरतानी घेतला. आता काय लुगड्याच्या गाठीत बांधू त्याले?”

“मामी, थोडे दिवस,” चंद्रभान खाली पाहत म्हणाले. “बाळंतपण होऊ द्या.”

“बरं बापा. जावयाचं राज हाय.” ती म्हणाली आणि त्यांच्यामागं घरापर्यंत आली. माणिकबाई दारात आल्या, “या, बसा, पोरगी कधीची वाट पाहून राहिली,” म्हणाल्या, तेव्हा जाईबाई हसली. इतकी मोठ्ठी आणि इतका वेळ हसली की पंचफुलेला त्या हसण्याचीही भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई घागर घेऊन विहिरीवर गेली. घागर खाली ठेवली, हात कमरेवर गेले आणि ती उभी राहिली. दोर समोर लोंबत होता. पंचफुला खिडकीतून पाहत होती. “आई!” ती ओरडली. “ओढ ना दोर!” जाईबाई जागी झाल्यासारखी हलली आणि दोर धरला. ओसरीवरून माणिकबाई म्हणाल्या, “राहू द्या, जाईबाई, प्रवासानं दमल्या तुमी.” आणि देवपूजेला आत गेल्या. पंचफुला मात्र दुपारपर्यंत खिडकीजवळून हलली नाही.

महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा माणिकबाईंनी हट्टच धरला. “पहिलं वाच. सुरुवात ऐकल्याबिगर मले पुढचं गोड लागत नाही.” जाईबाई आत तांदूळ निवडत होती. खोलीचं दार उघडंच होतं. पंचफुलेनं वाचायला घेतलं.

चाकाची करकर आली तशा माणिकबाई खूश झाल्या. “अवं, ही त आमचीच विहीर! देवीदासले सांगतो, तुह्या विहिरीचं पुस्तक झालं.”

पंचफुला पुढं वाचत गेली. घागर खाली ठेवली. सावली पायाशी आली. घरात पोरगी पाणी मागत होती. ती हलली नाही.

माणिकबाईंची बोटं वातीवर थांबली.

“काहून वं? विहीर हिची, दोर हिचा, बादली हिची. मंग ही उभी काहून?”

पंचफुलेनं बोट ओळीवर तसंच ठेवलं. “ती... ती विचार करून राहिली, काकू.”

“सावली पायाशी येईतो? घरात पोरगी तापानं पाणी मागते आन् ही विहिरीवर उभी राहून विचार करते?” माणिकबाईंना खरोखर राग आला होता. “अशी माय नसते कुठी. दगड आहे काय बाई? खोड हे. नाहीतर त्या बाईले वेडी तरी कर.”

आत तांदळाचा आवाज थांबला.

पंचफुला काहीतरी बोलली, काय ते तिला नंतर आठवलं नाही. वही मिटून आत आली. जाईबाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. ती दाण्यांतले खडे एका बाजूला सारत राहिली.

“थे मी हाय ना?” तिनं विचारलं. “घागर ठेवून उभी?”

“हो.”

“आन् थे घरात पानी मांगते थे आपली गिरजा?”

पंचफुलेनं मान हलवली. गिरजा त्या तापातून उठली नाही, हे त्या घरात कधी बोललं जात नसे.

“मी उभी काहून होती थे तू सांगतलंच नाही तिले,” जाईबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर पंचफुलेला बरं वाटलं असतं. “विहीर माही करून टाकली. मंग गिरजीले मीच मारलं ना? थे बाई काही चूक बोलली नाही.”

पंचफुलेला आजवर एकच भीती ठाऊक होती, घर जाण्याची. ही दुसरी होती. पुस्तक छापलं जाईल. पाचशे प्रती निघतील. पाचशे घरांत कोणीतरी म्हणेल, अशी माय नसते. आणि तिची आई वाचू शकत नाही म्हणून काय झालं, आता तिला माहीत होतं.

संध्याकाळी चंद्रभान कचेरीतून आले तेव्हा तिनं सांगितलं की ती प्रकरण पुन्हा होतं तसं करणार आहे.

“कर. पण पाठव बाळंतपण झाल्यावर. त्यांना पत्र टाकून मुदत माग,” ते म्हणाले. “फुला, आठवा महिना सरत आला. मूल आडवं. आज इथून काढलं तर तुला घेऊन मी जाऊ कुठं?”

“पाठवलं की छापायला सहा महिने लागतील. तोवर कोणाला कळणार नाही.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. काकूंनी आईला दगड म्हटलंय. मला त्यांना वाचून दाखवायचंय.”

चंद्रभान उठले, खिडकीपाशी गेले, खिडकी लावून घेतली. आवाज आधीच हळू होता, तो आणखी खाली गेला. “मलाही भीती वाटते. तुझ्यापेक्षा जास्त वाटते. पाच दारांवरून मी परत आलो, तू नाही.” मग म्हणाले, “रविवारी वाच. मी घरी असताना.”

तीन दिवसांत तिनं पहिलं प्रकरण परत लिहून काढलं, पुढच्या दोहोंत बदललेलंही होतं तसं केलं. सांगवी आली, वस्ती आली, वडिलांचं काम आलं. संपादकांना हवी होती ती काटछाट तिनं ठेवली, आणि दोन प्रती केल्या, एक पाठवायला, एक घरात. बाहेर चाक करकरलं की ती कागदावर पदर टाकायची. चार वाक्यांना हात लावावा लागला नाही. ती आता आपल्या जागी होती.

रविवारी दुपारी चंद्रभान दारात उभे राहिले, जाईबाई उंबऱ्याशी बसली. पंचफुला म्हणाली, “काकू, ती बाई उभी का होती ते आज लिहून आणलंय.”

तिनं वाचलं. मधे पाण्यालाही उठली नाही. उठलं तर पुन्हा बसवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. वाचून झालं तेव्हा अंगणात विहिरीच्या कठड्यावर एक कावळा तेवढा होता.

माणिकबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या जाईबाईकडे पाहत होत्या, तिच्या हातांकडे.

“ह्या त्या?” त्यांनी विचारलं.

“होय बाई,” जाईबाईच बोलली. “मीच थे.”

“पोरगी?”

“गेली. तिसऱ्या रोजी.”

माणिकबाईंनी मांडीवरचा कापूस गोळा केला. “आमच्या माहेरच्या विहिरीवर बी उभ्या राहत,” त्या म्हणाल्या. “मी लहान होती. मले वाटे, त्याहीले तिथं उभं राहणं आवडते.” मग त्या आत गेल्या आणि आतून कडी लागली. इतक्या महिन्यांत त्या दाराला दिवसा कडी लागलेली पंचफुलेनं ऐकली नव्हती.

दिवेलागणीला देवीदास आला. पायरीवर चढला नाही. “वानखडे, तुमी सांगायले पाहिजे होतं.”

“तुम्ही विचारायला पाहिजे होतं,” चंद्रभान म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण बऱ्याच दिवसांनी मोठा होता.

“महिनाअखेर खोली खाली करा.”

आतून माणिकबाईंचा आवाज आला, “देवीदास! सव्वा महिना झाल्याबिगर ओल्या बाळंतिणीले कोणी हलवते काय? तुही बायको हलली होती काय?”

“आई, तू मधात नको बोलू. विहीर...”

“विहीर चार महिन्यांपासून तेच पाणी देऊन राहिली. आता ओरडून काय करतं? मे महिन्यात सोडतील ते.”

देवीदास काही तरी पुटपुटत निघून गेला. मे महिना. पंचफुलेनं बोटांवर मोजलं. घर मिळालं नव्हतं, घर गेलंही नव्हतं. रात्री गारठा वाढला तशा जाईबाईनं तिला दोन सतरंज्या ट्रंकेतून काढून पांघरायला घातल्या, आणि मध्ये होती ती तसबीर काही न विचारता कोनाड्यात उभी केली.

सोमवारी सकाळी पाणी आणायचं होतं. पंचफुला घागरीला हात घालेना. “मी जातो,” जाईबाई म्हणाली. ती विहिरीपाशी गेली आणि या खेपेला घागर ठेवून थांबली नाही. सरळ दोर धरला. चाक करकरलं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी डोकावलं. घागर भरून ती परतली, तसं माणिकबाईंचं दार उघडलं. त्या राख घेऊन विहिरीवर गेल्या आणि बादली घासायला लागल्या. एकदा घासली, विसळली, पुन्हा घासली.

जाईबाई खिडकीतून बघत होती. “घास बाई, घास,” ती हळूच म्हणाली. “बादली घासता येते. विहीर कशी घासशील?”

पंचफुलेला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मग तिनं लुगडं सारखं केलं, प्रकरणांचं पुडकं घेतलं आणि पोस्टात गेली. पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना ती थबकली. मे महिन्यानंतर हा पत्ता नसेल. तरी तोच लिहिला. खिडकीतल्या माणसानं पुडकं मागं टाकलं तेव्हा तिच्या पोटातलं बाळ असं जोरात फिरलं की तिला भिंत धरावी लागली.

परतली तेव्हा माणिकबाई आपल्या दारात बसल्या होत्या. ओसरीवर नाही, उंबऱ्याच्या आत.

“टाकलं काय?”

“टाकलं, काकू.”

“मंग आता मले पुढचं कोण वाचून दाखवन?”

पंचफुलेनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या बोटांना अजून राख होती. त्या कापूस घेऊन बसल्या होत्या, पण तिच्यासाठी सरकी काढायला आज कापूस ठेवलेला नव्हता.

“माझ्याजवळ एक प्रत आहे,” ती म्हणाली.

“आण मंग.”

ती प्रत घेऊन आली आणि अंगणात, विहिरीच्या कठड्याला टेकून बसली. माणिकबाई उंबऱ्याआड, मध्ये अख्खी ओसरी. तिनं तिसरं प्रकरण काढलं. पहिली ओळ तिनं सवयीनं हळू आवाजातच वाचली.

“ऐकू येत नाही वं,” माणिकबाई आतून म्हणाल्या.

पंचफुलेनं घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. एवढ्या अंतरावर ऐकू जायचं तर मोठ्यानंच वाचावं लागत होतं.